साक्षीदार क्रमांक एक

तिसऱ्या वर्षाला आम्हाला हा एक पेपर आहे,
गुन्हा आणि मन, शंभर मार्कांचा,
त्यातले वीस प्रोजेक्टचे.
आजोळी विचारतात, म्हणजे तू पोलीस होणार?
नाही म्हटलं. वकील? नाही.
मामी म्हणाली, मग भात तरी वाढ.

ऑगस्टात शिरगुप्पे मॅडमचा तास चालू असताना
एक माणूस वर्गात शिरला, टेबलावरची पर्स उचलली, गेला.
मॅडमनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या,
लिहा, कोण होता.
आम्ही एकेचाळीस जण. एकेचाळीस माणसं निघाली.
तेहसीनचा उंच, काळ्या शर्टातला,
पन्हाळ्याहून येणाऱ्या पोराचा लंगडत गेलेला,
माझ्या माणसाला मिशी होती.
'नक्की' लिहून मी खाली रेघही ओढली होती.

मग तो पर्स परत द्यायला आत आला.
कॅन्टीनचा उदय. रोज मला चहा देणारा.
ओठावर एक केस नाही.
वर्ग हसला, मीही हसले,
आणि हसता हसता मला मार्केट यार्ड आठवलं.

आबा गुळाच्या सौद्यात मापाडी.
रव्याला हात न लावता वजन सांगतात,
काटा त्यांच्या मागून येतो, कबुली द्यायला.
अख्खं यार्ड म्हणतं, नजर असावी तर अशी.
म्हणूनच त्या रात्री अडत दुकानाचा गल्ला फुटला,
दिवाणजीच्या डोक्यात पहार बसली,
तेव्हा सगळे आबांकडंच बघायला लागले.

मी दहा वर्षांची होते.
कळंब्याच्या जेलात आठ माणसं ओळीनं उभी केलेली.
आबा सांगतात, पहिल्या फेरीला गप्प राहिलो,
दुसऱ्या फेरीला सिद्रामपाशी थांबलो.
बाहेर हवालदारानं चहा पाजला,
"बरोबर काढलासा बघा."
हे वाक्य आबा अजून चवीनं सांगतात.
वहीत मी ते वेगळ्या शाईनं लिहिलंय.

मॅडम म्हणतात, शाबासकी मिळाली की आठवण घट्ट होते.
मला हे घरच्या भाषेत कळतं.
काहिलीत रस उकळतो तोवर त्याला आकार नसतो.
साच्यात ओतला, थंड झाला, उपडा केला
की रवा.
मग त्याला कुणी विचारत नाही, आधी काय होतास.

सिद्राम सात वर्षं आत होता.
त्याची बायको गंगावेशीत भाजीची पाटी मांडून बसायची,
आई त्या बाजूनं जायची नाही.
तो खरंच होता की नव्हता, मला माहीत नाही.
नीट वाचा, मला माहीत नाही.
पुस्तकात शेवटच्या पानावर उत्तरं दिलेली नाहीत.

काल जेवताना विचारलं,
आबा, तेव्हा उजेड कसला होता?
"टूबलाइट."
किती लांबनं बघितलं?
"हितनं त्या हौदापातूर."
चेहऱ्यात काय ध्यानात राहिलं?
भाकरी मोडायचीही थांबली नाही.
"मिशी."

प्रोजेक्टला संमतीपत्र लागतं. नाव बदलायचं असतं,
म्हणून लिहिलं: साक्षीदार क्र. १, वय चोपन्न, व्यवसाय तोलाई.
खाली एक ओळ छापलेली आहे,
या अभ्यासानं आपल्याला मानसिक त्रास होऊ शकतो
हे मला समजावून सांगण्यात आले आहे.
मी समजावलं नव्हतं.
कागद पुढं केला, म्हटलं, आधी वाचा की.
"तू लिवलंयस म्हंजे बरोबरच असंल."
पेन माझ्या हातातून घेतलं,
आणि चष्मा न लावता
अगदी रेघेवर सही केली.